वाडा झाला कचेरी

ताथवड्याच्या परिसरात तुम्ही सिमेंट-काँक्रीटच्या उंच इमारती रोज पाहता. आज आपण पुण्याच्या मध्यवस्तीतील एका जुन्या इमारतीची ओळख करून घेऊ या. तिचे नाव विश्रामबागवाडा.

दुसरे बाजीराव पेशवे यांनी सुमारे १८०७ साली हा वाडा स्वतःला राहण्यासाठी बांधवला. रस्त्यावरून पाहिले की कोरीव लाकडी सज्जा नजरेत भरतो. आतील लाकडी खांबांना सुरूच्या झाडाचा आकार दिलेला आहे. दोन खांबांमधील कमानीला मराठीत 'महिरप' म्हणतात. हे शब्द तुमच्या ओळखीचे वाटले ना? उर्दूतील 'सर्व' आणि 'मेहराब' तेच आहेत!

आता वाड्याची रचना समजून घ्या. मध्ये उघडा चौक आणि त्याच्या चारही बाजूंना दालने असतात. चौकामुळे प्रत्येक दालनात उजेड व हवा येते. मोठ्या वाड्यांत एकाहून अधिक चौक असत. बाहेरच्या चौकात कामासाठी येणारे लोक थांबत. आतल्या चौकात घरच्या मंडळींचा वावर असे.

१८१८ साली पेशवाई संपली. १८२१ मध्ये याच वाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. १८७९ मध्ये मोठी आग लागून वाड्याचा बराच भाग जळाला. लोकांनी तो पुन्हा उभारला. पुढे येथे पुण्याच्या नगरपालिकेची आणि नंतर महानगरपालिकेची कचेरी होती. १९५९ पर्यंत तिचे काम येथून चाले. राहते घर कचेरी कसे झाले? त्याचे उत्तर चौकातच आहे. दालने वेगवेगळी असल्यामुळे प्रत्येक खात्याला जागा मिळाली आणि लोकांना ये-जा करणेही सोपे झाले.

याउलट शनिवारवाडा पाहा. १८२८ च्या आगीत त्याच्या आतील इमारती जळाल्या. त्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. आज तेथे तटबंदी, दरवाजे आणि जोतीच दिसतात.

बंद घराचे छप्पर गळले तर कोणाला कळत नाही. लाकडाला वाळवी लागते. वापरातल्या घराची डागडुजी होत राहते. म्हणून जुनी वास्तू पाडण्यापूर्वी एक प्रश्न जरूर विचारा : हिचा आज काय उपयोग होईल?

शब्दार्थ : सज्जा – बाहेर काढलेली गच्ची, जोते – इमारतीचा चौथरा, डागडुजी – दुरुस्ती, मरम्मत.