ऊस बेणेमळ्यासाठी ऊती-संवर्धित रोपे

लागणीचे दिवस आले की ज्याचा ऊस जवळ उभा असेल त्याच्याकडून बेणे आणावयाचे, ही आपल्याकडील जुनी वहिवाट आहे. पुष्कळदा ते खोडव्याचेही असते. उसाची लागण टिपरीने होत असल्यामुळे मूळ बेटातील काणी किंवा गवताळ वाढ टिपरीबरोबरच नव्या शेतात येते. खत-पाणी तेच, तरी उतारा घटतो आणि दोष मात्र वाणाला दिला जातो.

दुसरी अडचण संख्येची. एक एकर बेणेमळ्यातून आठ ते दहा एकरांचीच लागण होते. म्हणून चांगला वाण गावोगाव पोचण्यास अनेक वर्षे लागत.

ऊती-संवर्धनाने या दोन्ही अडचणींवर मार्ग निघाला आहे. निरोगी, जातिवंत उसाच्या शेंड्यावरील पानांची आवरणे एकेक करून काढली असता आत वाढबिंदू सापडतो. तो एक मिलिमीटरहूनही लहान असतो. उसाच्या इतर भागांत विषाणू असले तरी या कोवळ्या टोकात ते बहुधा पोचलेले नसतात, हेच या पद्धतीचे मर्म होय. हा बिंदू निर्जंतुक बाटलीत क्षार, जीवनसत्त्वे, संप्रेरके व साखर यांच्या द्रवात ठेवतात. मुराशिगे व स्कूग या शास्त्रज्ञांनी हे क्षारांचे मिश्रण १९६२ साली तंबाखूसाठी बसविले; पुढे ते उसालाही मानवले. (उसाच्या बाळाला साखर मात्र वरून घालावी लागते, ही एक मौजच.) सुमारे २५ अंश सेल्सिअस तापमानात व विजेच्या प्रकाशात त्याला फुटवे येतात. ते विलग करून पुन्हा नव्या बाटल्यांत ठेवतात, मुळ्या फुटल्यावर रोपे छायागृहात पिशव्यांत लावून बाहेरच्या हवेला सरावू देतात. पुण्याजवळ मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये अशी रोपे तयार होतात.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. हा नवा वाण नव्हे. को ८६०३२ ची रोपे को ८६०३२ चाच ऊस देतात. तसेच या रोपांना रोग होतच नाही, असेही नाही. ती निरोगी असतात, रोगप्रतिकारक नव्हेत. शेजारच्या रोगट फडातून कीड आली तर तीही रोगट होतील.

रोप टिपरीहून महाग पडते. म्हणून सारा फड रोपांनी लावण्याच्या भरीस पडू नये. दहा गुंठे बेणेमळा पुरेसा आहे. दोन सऱ्यांत ५ फूट व दोन रोपांत २ फूट अंतर ठेवल्यास त्यास सुमारे १,१०० रोपे लागतील. आठपटीचा हिशेब धरला तरी त्या बेण्यातून दोन एकर व पुढील लागणीस सोळा एकर क्षेत्र होते. ग्रामसेवकांनी हा हिशेब चार शेतकऱ्यांना एकत्र बसवून दाखवावा, कारण इतके बेणे एकट्याला क्वचितच लागते.

पहिले काही आठवडे रोपे नाजूक असतात. पाणी हलके व वेळेवर द्यावे, मेलेल्या जागी लगेच नांग्या भराव्यात. बेणे ९ ते ११ महिन्यांचे असतानाच तोडावे, खोडव्याचे घेऊ नये आणि तीन-चार वर्षांनी मूळ बेणे बदलावे.

बेणेमळ्यात दर पंधरवड्यास फिरून पाहणी करावी. गवताळ बेट दिसताच मुळासकट उपटून जाळावे. काणीचा चाबूक दिसल्यास आधी त्यावर पिशवी चढवावी व मगच तो कापावा. उघडा कापल्यास काळी भुकटी वाऱ्याने साऱ्या मळ्यात पसरते.