प्रवेशिका नीला अतिरक्तदाब : मूल्यमापन

जठर, आतडी व प्लीहा यांतील रक्त यकृताकडे नेणाऱ्या प्रवेशिका नीलेतील दाब वाढण्याच्या विकारास ही संज्ञा आहे. दीर्घकालीन यकृतविकारात तंतुमय ऊतक वाढून रक्तप्रवाहास अडथळा होतो. त्यामुळे रक्त पर्यायी मार्गांनी वाहू लागते व अन्ननलिकेच्या खालच्या भागातील नीला फुगतात. त्या फुटल्यास होणारा रक्तस्राव प्राणघातक ठरू शकतो. म्हणून दाबवाढ त्यापूर्वीच ओळखणे महत्त्वाचे असते.

यकृत नीलेत नलिका घालून मोजलेला दाबातील फरक सर्वांत विश्वसनीय मानतात. तो निरोगी व्यक्तीत १ ते ५ मिमी. (पारा) असतो, १० मिमी.पासून उपद्रवांचा व १२ मिमी.पासून रक्तस्रावाचा धोका संभवतो. ही सोय मोजक्याच मोठ्या रुग्णालयांत आढळते. १९९८ मध्ये अकोला जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या वाशिमसारख्या ग्रामीण जिल्ह्यात प्राथमिक अंदाज जलोदर, प्लीहावृद्धी व रक्तातील बिंबाणूंची घट यांवरूनच बांधावा लागतो. मात्र विदर्भात आढळणाऱ्या दात्रकोशिका पांडुरोगातही प्लीहा वाढू शकते; त्यामुळे केवळ तेवढ्यावरून निदान करू नये.

ध्वनितरंगांनी यकृताचा ताठरपणाही मोजता येतो. २०२१ च्या बावेनो (इटली) परिषदेच्या निकषांनुसार तो १५ किलोपास्काल वा कमी आणि बिंबाणू दर घन मिमी.स १,५०,००० वा अधिक असल्यास लक्षणीय दाबवाढ बहुधा नसते. मात्र यकृतसूत्रणाविना होणाऱ्या दाबवाढीस हे निकष लागू पडत नाहीत. दाबवाढ निश्चित झाल्यास कार्व्हेडिलॉलसारख्या औषधाने पुढील उपद्रव टाळता येतात. रक्ताची उलटी किंवा काळे शौच झाल्यास रुग्णास तातडीने रुग्णालयात हलवावे.