डेटाबेस शिकणाऱ्याला सोपा सल्ला द्यावा का? एरर ११७५ ची गोष्ट

डेटाबेस म्हटलं की मोठमोठे सर्व्हर डोळ्यांसमोर येतात. पण एक डेटाबेस तुमच्या खिशातही आहे. अँड्रॉइड फोनमधले कॉन्टॅक्ट्स आणि एसएमएस एसक्यूलाइट नावाच्या छोट्या डेटाबेसमध्ये सेव्ह होतात. ॲप बनवायला शिकणारा जवळपास प्रत्येक जण कधी ना कधी एसक्यूएलपाशी येतोच. तिथे अडला की कोणाला तरी विचारतो आणि उत्तर मिळतं, "ही एक ओळ टाक, चालेल." असा सल्ला द्यावा का? एका खऱ्या एररवरून बघूया.

एरर ११७५ काय सांगते?

समजा, तुमच्याकडे दुकानाचं 'ग्राहक' नावाचं टेबल आहे आणि त्यात ५,००० नोंदी आहेत. एका ग्राहकाचा मोबाइल नंबर बदलायचाय. तुम्ही मायएसक्यूएल वर्कबेंचमध्ये अपडेट कमांड लिहिली, पण 'वेअर'ची अट लिहायची राहिली. रन केल्यावर एरर कोड ११७५ येतो.

वैताग येतो, पण या एररने तुम्हाला वाचवलेलं असतं. ती कमांड चालली असती तर सगळ्या ५,००० ग्राहकांचा नंबर एकच झाला असता.

वर्कबेंचमध्ये 'सेफ अपडेट्स' हे सेटिंग आधीपासून चालू असतं. त्याचा नियम साधा आहे: अपडेट किंवा डिलीट करताना 'वेअर'मध्ये की असलेला कॉलम वापरा, नाहीतर 'लिमिट' द्या. मायएसक्यूएलच्या कमांड लाइनवर हेच सेटिंग चालू करायला एक गमतीशीर पर्यायी नाव आहे, 'आय-ॲम-अ-डमी'. म्हणजे 'मी ढ आहे'! नाव चेष्टेचं असलं तरी सोय अनुभवी लोकांच्याही कामाची आहे.

सोपा सल्ला कुठे चुकतो?

या एररवर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे 'सेफ अपडेट्स शून्य करून टाक.' त्याने एरर जाते हे खरं. पण कमांडमध्ये 'वेअर' नसेल, तर आता तीच कमांड बिनबोभाट चालते. शिवाय मायएसक्यूएलमध्ये ऑटोकमिट आधीपासून चालू असतं, त्यामुळे बदल लगेच पक्का होतो. फोनसारखं इथे 'अनडू' नाही.

सल्ला पूर्ण चुकीचा आहे, असंही नाही. कधी कधी तुमची अट बरोबर असते. उदाहरणार्थ, शहर 'सातारा' असलेल्या सगळ्या नोंदी बदलायच्या आहेत, पण शहराच्या कॉलमवर की नाही, म्हणून एरर येते. अशा वेळी सेटिंग तेवढ्यापुरतं बंद करून काम झाल्यावर परत चालू करणं ठीक आहे. गोची एवढीच की, नवशिक्याला या दोन प्रसंगांतला फरक कोणी सांगतच नाही.

मग अवघड सल्ला द्यायचा का?

तेही नको. "आधी सगळं डॉक्युमेंटेशन वाच, मग विचार" असं ऐकल्यावर माणूस शिकत नाही, प्रश्न विचारणं सोडतो आणि गुपचूप तीच एक ओळ कॉपी करतो. सल्ला सोपा हवाच, पण धोका लपवून सोपा केलेला नको.

माझ्या मते ११७५ साठी सोपा सल्ला असा असावा:

१. आधी तीच अट लावून सिलेक्ट चालवा. नेमक्या किती आणि कोणत्या नोंदी येतात ते बघा.
२. 'स्टार्ट ट्रान्झॅक्शन' लिहा, मग अपडेट चालवा.
३. किती नोंदी बदलल्या ते बघा. आकडा जुळला तर 'कमिट', नाही जुळला तर 'रोलबॅक'.

मायएसक्यूएलच्या ५.५ आवृत्तीपासून इनोडीबी हे डिफॉल्ट इंजिन आहे आणि त्यात रोलबॅक चालतो. पण 'ड्रॉप टेबल' आणि 'ट्रंकेट' रोलबॅकने परत येत नाहीत. तिथे बॅकअपच कामी येतो.

एका ओळीऐवजी तीन पायऱ्या झाल्या, पण पहिल्या आठवड्यात शिकणाऱ्यालाही जमतील अशाच आहेत.

सल्ला घेताना तीन प्रश्न

कोणी "हे टाक, चालेल" म्हटलं, की एवढं विचारा: याने एररचं कारण जातं की फक्त एरर दिसेनाशी होते? चुकलं तर मागे येता येईल का? आणि हे फक्त प्रॅक्टिसच्या डेटावर चालवायचं की खऱ्या डेटावरही?

कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये टेबल उडालं तर परत बनवता येतं. नोकरीत मात्र त्याच टेबलात लोकांच्या ऑर्डर, पगार, औषधांच्या नोंदी असतात आणि हाताला लागलेली सवय तीच राहते. म्हणून सल्ला देणाऱ्याने उपायासोबत त्याचा धोकाही सांगावा. दोन वाक्यं जास्त लागतील, पण कोणाचा तरी डेटा वाचेल.