एक सांगाडा, अनेक नावं
चारचाकीचं अंतरंग : लेखांक ७

मागच्या आठवड्यात आपण स्वतंत्र सांगाड्यावर बांधलेली गाडी आणि एकसंध पत्र्याची गाडी यांतला फरक पाहिला. आजचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. मारुतीची जिम्नी बाजारात आल्यापासून एक वाक्य सतत कानावर पडतं, 'ही आपली जुनी जिप्सीच, फक्त नव्या रूपात.' हे अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं समजलं, तर कुठल्याही फोर बाय फोर गाडीची वंशावळ तुम्हाला स्वतःला मांडता येईल.

त्यासाठी तीन गोष्टी वेगवेगळ्या धरायच्या: खालचा सांगाडा, बॉनेटखालचं इंजिन आणि मागच्या दारावरचं नाव. घेणाऱ्याला ही तिन्ही मिळून एक गाडी दिसते. कंपनीच्या लेखी मात्र प्रत्येकाचा हिशेब निराळा असतो. सांगाडा वीस-पंचवीस वर्षं चालतो, इंजिन धुराच्या नियमांप्रमाणे बदलावं लागतं आणि नाव देशादेशाच्या बाजारानुसार ठरतं.

या घराण्याची सुरुवातच इंजिन बदलण्यापासून झाली. जपानमधल्या होप मोटर या लहानशा कंपनीने १९६०च्या दशकाच्या अखेरीस ओएन३६० नावाची चिमुकली फोर बाय फोर काढली. तिच्यात इंजिन होतं मित्सुबिशीचं. गाड्या बनल्या मोजक्याच. १९६८ मध्ये सुझुकीने तिचे हक्क विकत घेतले, स्वतःचं दोन सिलिंडरचं, ३५९ सीसीचं इंजिन बसवलं आणि एप्रिल १९७० मध्ये एलजे१० ही पहिली जिम्नी विकायला काढली. जपानमध्ये छोट्या गाड्यांना करात सवलत होती, पण लांबी तीन मीटरच्या आत आणि इंजिन ३६० सीसीपर्यंत हवं, अशी अट होती. ती पाळण्यासाठी सुझुकीने स्टेपनी आत, मागच्या एका आसनाच्या जागी ठेवली. त्यामुळे पहिली जिम्नी तीनच माणसांची झाली.

१९८१ मध्ये एसजे ही दुसरी पिढी आली आणि इथून नावांचा पसारा वाढला. जपानमध्ये जिम्नी, अमेरिकेत सामुराई, ऑस्ट्रेलियात सिएरा. तिथेच होल्डन कंपनीने हीच गाडी ड्रोव्हर म्हणून विकली. स्पेनमध्ये लिनारेसच्या कारखान्यात सांताना कंपनी ती बांधायची. आणि १९८५ मध्ये मारुतीने तिची लांब सांगाड्याची आवृत्ती आपल्याकडे आणली, ती जिप्सी. चौकोनी अंग, दोन्हीकडे सलग अ‍ॅक्सल, पुढे-मागे पाटे, ९७० सीसीचं इंजिन आणि चार गिअर. लष्कराने ती दशकानुदशकं वापरली. ताडोब्यात पर्यटकांना घेऊन जाणारी उघडी गाडी म्हटली की आजही डोळ्यांपुढे जिप्सीच येते.

आता जरा खाली वाकून पाहू, कारण खरी गंमत तिथे आहे. १९९६ च्या जिप्सी किंगमध्ये १२९८ सीसीचं इंजिन आलं. मारुतीच्या एस्टीमचं इंजिन याच कुळातलं. २००५च्या पहिल्या स्विफ्टचंही. पण एस्टीममध्ये ते आडवं बसतं आणि पुढची चाकं फिरवतं. जिप्सीत तेच इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेलं आहे. त्याची ताकद मागे गिअरबॉक्समध्ये, तिथून छोट्या शाफ्टने ट्रान्स्फर केसमध्ये जाते आणि तिथे फाटा फुटून पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला पोचते. चढावर किंवा चिखलात लो रेंज टाकतो, ती याच ट्रान्स्फर केसमध्ये असते. त्यामुळे इंजिन सामाईक असलं, तरी त्याच्या मागे जोडलेलं जवळजवळ सगळं जिप्सीचं स्वतःचं आहे.

कंपनी असं का करते? कारण फोर बाय फोरचा खप कमी. एवढ्याशा गाड्यांसाठी वेगळं इंजिन घडवणं, त्याचे साचे करणं, प्रदूषणाच्या प्रत्येक नव्या नियमात ते बसवणं कुणालाच परवडत नाही. लाखोंनी खपणाऱ्या मोटारींनी त्या इंजिनाचा खर्च भरून काढलेला असतो. माझं मत विचाराल तर एवढी छोटी फोर बाय फोर आपल्याकडे इतकी वर्षं टिकली, त्याचं मोठं श्रेय त्या साध्या शहरी मोटारींना आहे.

वाटा वेगळ्या झाल्या त्या १९९८ मध्ये. जिम्नीची तिसरी पिढी आली, ती पाट्यांवर नव्हे, कॉइल स्प्रिंगवर. भारतातली जिप्सी मात्र पाट्यांवरच राहिली आणि २०१९च्या सुमारास सर्वसामान्य ग्राहकांसाठी बंद झाली. म्हणून जिप्सी ही दुसऱ्या पिढीची शाखा आहे आणि आजची जिम्नी २०१८ मध्ये आलेल्या चौथ्या पिढीची. घराणं एक, स्वतंत्र सांगाडा आणि सलग अ‍ॅक्सलची पद्धत तीच, पण सांगाडा तो नव्हे.

चौथ्या पिढीतही तोच खेळ चालू आहे. जपानमध्ये ६५८ सीसी टर्बो इंजिनाची जिम्नी आणि रुंद मडगार्डची, १४६२ सीसीची जिम्नी सिएरा अशा दोन आहेत. हे १४६२ सीसीचं इंजिन आपल्याकडे सिआझ आणि अर्टिगात आडवं बसलं, जिम्नीत ते उभं आहे. २०२३ मध्ये भारतात आलेल्या पाच दारांच्या जिम्नीसाठी दोन अ‍ॅक्सलमधलं अंतर २२५० मिलिमीटरवरून २५९० केलं, तरी एकूण लांबी चार मीटरच्या आत ठेवली. गुरुग्रामला बांधलेली हीच गाडी ऑस्ट्रेलियात जिम्नी एक्सएल होते आणि जपानमध्ये जिम्नी नोमाड. जानेवारी २०२५ मध्ये नोमाडची नोंदणी उघडली आणि चारच दिवसांत सुमारे पन्नास हजार मागण्या आल्याने ती थांबवावी लागली.

नावावर विसंबायचं नाही, याची उलट बाजूची उदाहरणंही आहेत. टाटांची १९९१ची सिएरा आणि सुझुकीची सिएरा यांचा काडीचा संबंध नाही. १९८८ची मूळ विटारा स्वतंत्र सांगाड्याची फोर बाय फोर होती. २०१६ मध्ये आलेली विटारा ब्रेझा एकसंध पत्र्याची आणि फक्त पुढची चाकं फिरवणारी. आजची ग्रँड विटारा तर टोयोटाच्या हायरायडरची सख्खी बहीण आहे आणि टोयोटाच्याच बिदादीच्या कारखान्यात बनते. ही गाडी वाईट आहे असं मुळीच नाही. पण जुन्या विटाराच्या आठवणीवर भरवसा ठेवून तिला खडकाळ ओढ्यात घालणाऱ्याची फसगत होईल.

जुनी जिप्सी घ्यायचा विचार असेल, तर हे सगळं थेट कामाला येतं. इंजिनाची फार धास्ती घेऊ नका. त्याच्या भावंडांमुळे ते जाणणारे मिस्त्री गावोगाव आहेत. सगळा वेळ सांगाड्यावर घालवा. कोकणातली गाडी असेल तर पाट्यांच्या बैठकांजवळचा गंज हाताने चाचपून पाहा. मग मोकळ्या, कच्च्या जागेवर फोर बाय फोर टाकून, लो रेंजमध्ये थोडं चालवा आणि ट्रान्स्फर केसचा आवाज ऐका. तिथे खरखर असेल, तर बाकी गाडी कितीही देखणी असली तरी सौदा सोडा.

(पुढील आठवड्यात : टाटांची सिएरा, सुमो आणि सफारी)