मोडी पत्रें आणि स्वल्पविराम

संस्कृत ग्रंथांत श्लोकार्धास एक दंड व श्लोकान्तीं दोन दंड, एवढींच विरामचिन्हें बहुधा आढळतात. स्वल्पविराम, अर्धविराम इत्यादि चिन्हें इंग्रजीवरून आलीं. मेजर कँडी यांची 'विरामचिन्हांची परिभाषा' १८५० सालची होय. तत्पूर्वींच्या मोडी पत्रांत आधीं रेघ ओढून तिच्याखालीं अक्षरें जोडीत जात. शब्दही सुटे करीत नसत. मग वाक्य कोठें संपलें हें कसें कळावें ? 'म्हणोन' आलें कीं दुसऱ्याचें बोलणें संपलें. 'ऐसियास' आलें कीं नवा मुद्दा निघाला. 'बहुत काय लिहिणें' आलें कीं पत्र आटोपलें. विरामाचें काम तेथें शब्दच करीत.

अडचण पडते ती नामावळींत. नमुन्यादाखल आम्ही एक वाक्य रचतों : 'रामाजी गोविंद कृष्णाजी यांसी रुपये ३०० समान द्यावे.' गोविंद हें रामाजीच्या बापाचें नांव मानिल्यास वांटेकरी दोन व प्रत्येकीं रुपये १५०. तिघे निराळे मानिल्यास प्रत्येकीं १००. संपादकानें स्वल्पविराम घातला कीं निवाडा झालाच. आणि वाचकास तो मूळ लेखकाचाच वाटतो. धुळें येथें एका कागदाची नक्कल करितांना आम्हींही असा स्वल्पविराम घातला होता. पुढें त्याच दप्तरांतील जमाखर्चानें तो खोटा पाडला.

ज्या धुळ्यास १९२६ सालीं राजवाड्यांनीं देह ठेविला, तेथील व जळगांवकडील तरुण अभ्यासकांस आमची विनंती इतकीच कीं, आपण घातलेलें प्रत्येक चिन्ह चौकोनी कंसांत दाखवावें, आणि संशय असेल तेथें दोन्ही वाचनें द्यावीं. सुज्ञांस बहुत काय लिहिणें ?