डिकीतली बॅग आणि खांद्यावरची पिशवी

मैत्रिणींनो, २८ वर्षं मी लहान मुलांच्या वॉर्डात परिचारिका म्हणून काम केलं. जुलाब झालेल्या बाळाला काय द्यायचं, कसं द्यायचं, हे किती आयांना सांगितलं असेल त्याची गणती नाही. आणि तरीही २००९ च्या मे महिन्यात, माझी स्वतःची आठ महिन्यांची नात मांडीवर असताना, क्षारसंजीवनीची पाकिटं होती कुठे? एसटीच्या डिकीत!

पुण्याहून चिपळूणला निघालो होतो. मी, माझी लेक आणि बाळ. लेकीने सामानाची यादी करून दोन दिवस आधीपासून तयारी केली होती. एक मोठी बॅग बाळाची, एक आमची. यादीतली प्रत्येक वस्तू बॅगेत होती, त्याबद्दल तिला बोल लावता येणार नाही. कंडक्टर म्हणाले, "मोठं सामान डिकीत टाका," आम्ही टाकलं. हातात राहिली पर्स, पाण्याची बाटली आणि दोन लंगोट. पाटण मागे पडलं, कोयनानगर गेलं, आणि कुंभार्ली घाटात पुढे ट्रक उलटल्यामुळे गाड्या उभ्या राहिल्या. आमच्या ड्रायव्हरने गाडी डोंगराच्या अंगाला अशी लावली की डिकीचं दार उघडायलाच जागा उरली नाही. तीन तास! त्यात बाळाला चार वेळा पातळ शी झाली, एकदा उलटी झाली. दोन लंगोट पहिल्या अर्ध्या तासातच संपले.

शेवटच्या बाकावर एक अंगणवाडी सेविका बसल्या होत्या. त्यांनी आपल्या शबनममधून क्षारसंजीवनीचं पाकीट काढून दिलं आणि जुन्या सुती लुगड्याचा एक मऊ तुकडाही. त्यांच्याबरोबर मूल नव्हतं. "सवय आहे ताई," एवढंच म्हणाल्या. मी त्यांना माझा पेशा सांगितला नाही, लाज वाटली.

त्या दिवसापासून मी बाळाच्या सामानाचे दोन भाग करते. मुक्कामाला लागणारं सामान वेगळं आणि वाटेत लागणारं वेगळं. वाटेतलं सामान खांद्यावरच्या पिशवीत, आणि ती पिशवी कुणी कितीही आग्रह केला तरी खांद्यावरून उतरवायची नाही. डिकीत नाही, रेल्वेच्या वरच्या फळीवर नाही, पुढच्या गाडीतून येणाऱ्या भाऊजींच्या ताब्यातही नाही.

आता क्षारसंजीवनीचंच आधी सांगते, कारण चुका तिथेच जास्त होतात. बाजारात दोन आकारांची पाकिटं मिळतात. मोठं एक लिटर पाण्यासाठी, लहान २०० मिलिलिटरसाठी. पुष्कळ जणी मोठ्या पाकिटातली चिमूटभर पूड वाटीभर पाण्यात टाकतात. असं करू नका. पाणी कमी पडलं तर मिठाचं प्रमाण वाढून बाळाला अपाय होतो, जास्त पडलं तर उपयोग होत नाही. म्हणून पिशवीत लहान पाकिटं ठेवा आणि २०० ची खूण असलेली बाटलीही ठेवा. आमच्याकडे मोठं पाकीट होतं, तेव्हा एका प्रवाशाकडून एक लिटरची सीलबंद बाटली घेतली आणि अख्खं पाकीट तिच्यात रिकामं केलं. चमच्याचमच्याने पाजायचं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी सावकाश. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर साधारण ५० ते १०० मिलिलिटर. अंगावरचं दूध बंद करायचं नाही, उलट जास्त वेळा पाजायचं. कालवलेलं पाणी २४ तासांनंतर फेकून द्यायचं.

आणि दुकानातून आणताना पाकीट वाचा. याच नावाखाली गोड, रंगीत पेयं खोक्यांतून विकली जात होती. त्यांत साखर इतकी की जुलाब वाढायचे. ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावांत 'ओआरएस' हा शब्द वापरायला मनाई केली. पण वाचायची सवय आपलीच.

बाळ मलूल झालं, डोळे खोल गेले, टाळू बसली, सहा तासांत शू झाली नाही, तर पुढचा प्रवास सोडून जवळचा दवाखाना गाठायचा. इथे लंगोटाचा एक फायदा सांगते. लंगोटात शू झाली की लगेच कळतं. डायपरमधली भुकटी सगळं शोषून घेते आणि जुलाबात शू झाली की नाही याचा अंदाजच लागत नाही. डायपर वाईट असं माझं म्हणणं नाही. एसटीच्या सीटवर त्याच्यासारखी सोय नाही. पण बाळाचं पोट बिघडलं असेल तर लक्ष ठेवायला लंगोट बरा.

डायपर किती घ्यावेत? प्रवासाच्या तासांना तीनने भागा आणि वर दोन जास्त घ्या. घाट असेल तर तीन. पण संख्येपेक्षा बांधणी महत्त्वाची. मी पुड्या करते. एक डायपर किंवा लंगोट, आत ओलसर सुती कापडाची लहान प्लास्टिक पिशवी, आणि घाण गुंडाळायला वर्तमानपत्राचा कागद. गुंडाळी करून रबर लावायचं. बाळाला एका हाताने धरलेलं असतं, उरलेल्या हाताने अंधारातही एक पुडी ओढली की सगळं हातात येतं. पुड्यांच्या वर मेणकापड, म्हणजे हात घातला की पहिलं तेच लागतं. पावडरीचा डबा घरीच ठेवा. चालत्या गाडीत ती उडते आणि बाळाच्या श्वासात जाते.

बाळाचे दोन झबली-टोपडी घेता, तसा स्वतःचाही एक कुर्ता किंवा ब्लाउज घ्या. उलटी बाळाच्या झबल्यावर कमी आणि आईच्या खांद्यावर जास्त होते, हे काय मी सांगायला हवं?

खाण्यापिण्याचं सामान बाळाच्या वयावर आहे. सहा महिन्यांपर्यंत फक्त अंगावरचं दूध. मे महिन्याच्या उन्हातही वरचं पाणी लागत नाही, त्यामुळे ही पिशवी सगळ्यात हलकी. पाजायला आडोसा म्हणून मोठी सुती ओढणी घ्या. काही एसटी स्थानकांत हिरकणी कक्ष असतो, चौकशी करायला संकोचू नका. डॉक्टरांनी डब्याचं दूध सांगितलं असेल तर ते घरून तयार करून नेऊ नका. तयार दूध दोन तासांत वापरावं लागतं, आणि आपल्या उन्हाळ्यात मी तेवढाही धीर धरणार नाही. पूड मोजून कोरड्या डबीत, कडकडीत पाणी थर्मासमध्ये. प्यायच्या वेळी कालवायचं आणि कोमट करून पाजायचं. बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा आपलं जुनं बोंडलं घ्या, धुवायला सोपं. सहा महिन्यांनंतर भाजलेल्या डाळ-तांदळाचं किंवा नाचणीचं कोरडं पीठ, आणि केळं. केळ्यासारखा डबा कुठल्या कारखान्यात निघत नाही! मध मात्र वर्षाच्या आत बोटभरही नको.

औषधांत तापाचं एकच, तेही डॉक्टरांनी बाळाच्या वजनाप्रमाणे लिहून दिलेलं, त्याच्याच ड्रॉपरसकट. थेंबांचं औषध सिरपपेक्षा कितीतरी तीव्र असतं. एकाचा ड्रॉपर आणि दुसऱ्याची बाटली अशी गल्लत झालेली मी वॉर्डात पाहिली आहे. शिवाय लसीकरणाच्या कार्डाची झेरॉक्स. सासूबाई काजळाची डबी ठेवतीलच. गालावर तीट लावायला हरकत नाही, डोळ्यांत घालू नका.

राहिला वापरलेल्या डायपरचा प्रश्न. खिडकीतून फेकलेले मी पाहिले आहेत, वळणावरच्या देवळामागेही पाहिले आहेत. २०१६ च्या घनकचरा नियमांत ते नीट गुंडाळून टाकायचं बंधन आलं. त्यातली शी आधी शौचालयात, मग कागदात गुंडाळून वेगळ्या जाड पिशवीत, आणि मुक्कामी पोचल्यावर कचऱ्याच्या डब्यात. ही पिशवी बाहेरच्या कप्प्यात ठेवा, खाण्याच्या डब्याशेजारी नको.

घरी आल्यावर दमलेले असलो तरी आमच्याकडे पिशवी त्याच रात्री रिकामी होते. ओलं कापड राहिलं तर सकाळी वास सुटतो, चमचा सापडत नाही. धुऊन, वाळवून, पुड्या पुन्हा भरून ती दाराजवळच्या खुंटीला टांगतो. लेकीला आता दुसरं मूल आहे. मागच्या दिवाळीत निघताना जावयांनी पिशवी उचलून गाडीच्या डिकीत ठेवली, तेव्हा माझ्याआधी तीच ओरडली.