फक्त बोलायचंय, मग नेटचे पैसे कशाला? विना-नेट रिचार्जचा नियम समजून घ्या

बीड : युरियाची गोणी घ्यायला गेलं की दुकानदार सोबत नको असलेली एखादी बाटली गळ्यात मारतो. याला आपल्याकडं 'लिंकिंग' म्हणतात आणि त्यावरून शेतकरी भांडतातही. पण मोबाईलच्या रिचार्जमध्ये हेच कितीतरी वर्षं चाललं आणि कुणी फारसं बोललं नाही. आजीकडं साधा बटणाचा फोन, त्यात ना व्हॉट्सअ‍ॅप ना यूट्यूब, तरी रिचार्ज मात्र नेटसकट. वापर शून्य, पैसे पूर्ण.

आता यावर नियम आहे. पण दुकानात जाऊन नुसतं "रिचार्ज मारा" म्हटलं, तर नेटवालाच पॅक पडण्याची शक्यता जास्त. म्हणून हा नियम माहीत असणं गरजेचं आहे.

नियम काय सांगतो?

टेलिकॉम कंपन्यांवर देखरेख ठेवणारी संस्था म्हणजे ट्राय. डिसेंबर 2024 मध्ये ट्रायनं नियम बदलला. प्रत्येक कंपनीनं फक्त कॉल आणि एसएमएसचा, म्हणजे नेट नसलेला, किमान एक पॅक ठेवलाच पाहिजे. अशा पॅकची मुदत आधी जास्तीत जास्त 90 दिवस होती, ती 365 दिवसांपर्यंत वाढवली. देशात सुमारे 15 कोटी लोक अजून साधा फोन वापरतात, त्यांनी न वापरलेल्या नेटचे पैसे का द्यावेत, हा त्यामागचा विचार.

कंपन्यांनी काय केलं?

जानेवारी 2025 मध्ये पॅक आले, पण सुरुवातीला सूट नावापुरतीच होती. एअरटेलचा 84 दिवसांचा 6 जीबी नेटवाला पॅक 509 रुपयांना होता. नेट काढून तोच 499 ला दिला. म्हणजे 6 जीबीची किंमत फक्त 10 रुपये! यावर ओरड झाली, दर तपासणार असल्याचं ट्रायनं सांगितलं आणि काही दिवसांतच दर उतरले. एअरटेलचा 84 दिवसांचा पॅक 469 ला आणि 365 दिवसांचा 1849 ला आला. जिओचा 84 दिवसांचा 448 ला आणि 336 दिवसांचा 1748 ला आला. व्होडाफोन आयडियानंही असे पॅक काढले.

कंपन्यांचं म्हणणं

टॉवर एकच, यंत्रणा एकच, सगळ्यांनी मिळून खर्च उचलला म्हणून नेट स्वस्त झालं, असं कंपन्यांच्या बाजूनं म्हणता येईल. यात तथ्य नाही असं नाही. टॉवरचा खर्च सगळ्यांचाच आहे, कारण कॉलही त्यावरूनच लागतो. पण सिनेमाचं अ‍ॅप, कॉलर ट्यून किंवा न वापरलेले जीबी हा ज्याच्या-त्याच्या आवडीचा विषय. ज्याला हवं त्यानं घ्यावं. पूर्वी घरच्या लँडलाईनवर एसटीडी ज्याला हवी, तोच ती सुरू करून घ्यायचा. तोच न्याय इथं लागू पडतो.

आपल्या जिल्ह्यात याचं महत्त्व

दिवाळीच्या आसपास धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार भागातली जोडपी ऊसतोडीला जातात. मागं घरी म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. त्यांच्याशी बोलायला तोच एक बटणाचा फोन. बऱ्याचदा आधार आणि बँक खात्यालाही तोच नंबर जोडलेला असतो. रिचार्ज संपून नंबर बंद पडला, तर ओटीपी येत नाही, पैसे अडकतात आणि पोराच्या तापाचा निरोपही फडापर्यंत पोचत नाही.

हिशोब करा

हे जानेवारी 2025 मधले एअरटेलचे दर :

- 28 दिवसांचा नेटवाला पॅक 199 रुपये. हंगामाचे साडेपाच महिने, म्हणजे 168 दिवस धरले तर सहा रिचार्ज : 1194 रुपये.
- 84 दिवसांचे विना-नेट पॅक दोन : 938 रुपये. वाचले 256.
- वर्षाला 28 दिवसांचे 13 रिचार्ज : 2587 रुपये. वर्षाचा विना-नेट पॅक 1849. वाचले 738.

अडचण एवढीच, की पैसे एकदम भरावे लागतात. रोजंदारीवर जगणाऱ्याला एका वेळी 469 काढणं सोपं नाही, हे खरंच. पण उचल हातात असतानाच घरच्या फोनचं रिचार्ज उरकून घेतलं, तर हंगामभर चिंता राहत नाही.

हे लक्षात ठेवा

- दुकानदाराला स्पष्ट सांगा : "नेट नको, फक्त कॉल आणि एसएमएसचा पॅक टाका." आधी दर विचारा, मग पैसे द्या. दर बदलत राहतात.
- तुम्ही स्वतः स्मार्टफोन वापरत असाल, तर हा पॅक तुमच्या कामाचा नाही. घरातल्या साध्या फोनसाठी किंवा दुसऱ्या सिमसाठी तो बरा.
- विना-नेट पॅक टाकल्यावर फोनमधलं मोबाईल डेटाचं बटण बंद ठेवा, नाहीतर मेन बॅलन्समधून पैसे कटू शकतात.
- न मागता कॉलर ट्यून किंवा दुसरी सेवा सुरू झाली असेल, तर 155223 वर फोन करून ती बंद करता येते. अशी सेवा सुरू करण्याआधी कंपनीनं तुमची दोनदा संमती घेतली पाहिजे, असा ट्रायचा नियम 2013 पासून आहे.
- तक्रार असेल तर 198 वर करा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. तरी दाद लागली नाही, तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडं जाता येतं.

आज घरी गेलात की आजी-आजोबांचा फोन हातात घ्या आणि शेवटचं रिचार्ज कितीचं होतं ते बघा. त्यात नेट असेल, तर पुढच्या वेळी ते काढून टाका.